वर्षश्राद्धाला वाचू नका असं पत्र

पुणे

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

बाबा, तुम्ही म्हणालात, आजीच्या वर्षश्राद्धाला चार ओळी लिहून पाठव, सगळ्यांसमोर वाचू. लिहायला बसले आणि भलतंच लिहून झालं. हे फक्त तुम्हा दोघांसाठी. पाहुण्यांना तिच्या पुरणपोळ्यांचं सांगा. त्या काही एवढ्या खास नव्हत्या, पण त्या दिवशी कोण वाद घालणार?

बडोद्यात मी गुजराती शाळेत जायची. घरात मराठी, ओटला उतरलं की गुजराती, आणि वाचायचं ते फक्त गुजराती. गुजराती अक्षरांना डोक्यावर रेघ नसते. मराठी पान मला दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखं दिसायचं. आजीनं युक्ती काढली. मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीतून पुस्तक आणायची, हिंचक्यावर बसायची आणि म्हणायची, "मला दिसत नाही गं, तू वाच." एका पानाला मूठभर लीलो चेवडो. अडखळले की ठरलेलं वाक्य यायचं: "महाराजांनी दंड लावला म्हणून माझी आई शाळेत गेली. तुला काय लावू?" सयाजीरावांनी १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, मुलींनाही. पोर शाळेत नसेल तर दंड आईबापांना. पणजीच्या वडिलांना पोरीच्या अकलेपेक्षा दंडाची काळजी जास्त होती, हे आजी अगदी अभिमानानं सांगायची.

लायब्ररीतल्या त्या काचेच्या फरश्या आठवतात? उजेड खालच्या मजल्यापर्यंत उतरावा म्हणून बसवलेल्या. मी घाबरून तिचा पदर धरायची.

चौथीत असताना मी तिला पकडलं. खिडकीशी बसून पंचांगातली मुंगीएवढी अक्षरं वाचत होती. ओशाळली वगैरे अजिबात नाही. "तुला वाचता आलं ना? मग वांधा काय?"

म्हणूनच मी पुढे चुकले. ती दाराच्या चौकटीला खांदा आपटायला लागली, उंबरठ्याला ठेचकाळायची, चहा बशीत कमी आणि टेबलावर जास्त सांडायची. सुई मात्र पहिल्या फटक्यात ओवायची. त्या दिवाळीला बाबा, तुम्ही म्हणालात, डोळे दाखवून आणू. मी हसले. "नाटक आहे तिचं, मी लहानपणापासून ओळखते." तुम्ही माझं ऐकलंत. वर्ष गेलं. मग उत्तरायणाला गच्चीवर तिच्या खुर्चीच्या बाजूला उभी राहून मी तीळगूळ पुढे केला, आणि तिला माझा हातच दिसला नाही.

काचबिंदूत कडेची नजर आधी जाते, समोरची बऱ्याचदा शेवटपर्यंत टिकते, हे मला डॉक्टरांच्या खोलीत बसून कळलं. म्हणजे सुई दिसणं आणि चौकट न दिसणं, दोन्ही खरं होतं. गेलेली नजर परत येत नाही. थेंब घालायचे ते उरलेली सांभाळायला. आमचं एक वर्ष मात्र हसण्यात गेलं होतं.

शेवटच्या पावसाळ्यात मी तिला हे सगळं सांगितलं. थोडा वेळ हिंचक्याची कडी कुरकुरत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे माझं नाटक चांगलं वठलं होतं म्हणायचं." आणि पुढचं पान वाचायला लावलं. मला रडायचं होतं, तिनं सवडच दिली नाही.

आई, तू सहा वर्षं सकाळ-संध्याकाळ तिच्या डोळ्यांत थेंब घातलेस आणि दरवेळी "तुझा हात जड आहे" हे ऐकून घेतलंस. एकदा तू देवळात गेली होतीस, म्हणून मी घालायला गेले, तर तिनं डोळे घट्ट मिटून घेतले. "राहू दे. तिला येऊ दे." तुला सांगायचं तेव्हा राहून गेलं.

आता बाबा, तुमच्यासाठी. काचबिंदू आईला असेल तर मुलांना होण्याचा धोका जास्त असतो. चष्म्याच्या दुकानात नंबर काढून भागत नाही. डोळ्यातला दाब मोजून घ्या, आतली नस आणि कडेची नजरही तपासून घ्या. श्राद्धाची गडबड आटोपली की लगेच जा. देवदिवाळीला नरसिंहजींच्या वरघोड्याची मिरवणूक बघायला मी येतेच आहे, तेव्हा कागद मागणार आहे.

मला सगळं स्वच्छ दिसतं, असं मात्र सांगू नका. तिलाही सुई दिसत होती.

तुमची,
मोठी