चि. मिहिर यास पत्र: चर्चेच्या अभ्यासाविषयी

चि. मिहिर यास,

अनेक उत्तम आशीर्वाद.

विचारविमर्शात्मक लोकशाही, म्हणजे नागरिकांनी नीट चर्चा करून सार्वजनिक प्रश्नांवर मत बनवावे हा विचार, हा विषय पीएच.डी.साठी घ्यावा की नाही, असे विचारणारे तुझे पत्र मिळाले. माणसे एकमेकांचे ऐकतच नसतील, तर त्यांच्या चर्चांच्या अभ्यासाला उमेदीची वर्षे कशासाठी द्यायची, हा तुझा प्रश्न मला रास्त वाटतो. राज्यशास्त्र शिकवण्यात माझी सारी नोकरी झाली, त्यामुळे त्याचे उत्तर केवळ आई म्हणून देऊन भागणार नाही.

जेम्स फिशकिन यांची कारकीर्द पाहा. नेहमीच्या जनमत चाचणीत लोकांना ज्या विषयावर मत विचारले जाते, त्याचा त्यांनी बहुधा नीट विचारच केलेला नसतो. तो करण्याची संधी मिळाली तर त्यांचे मत काय होईल, हा प्रश्न या अमेरिकी प्राध्यापकांनी १९८८ मध्ये मांडला आणि पुढची तीन दशकांहून अधिक वर्षे ते त्याच प्रश्नाशी राहिले. १९९४ मध्ये इंग्लंडमधील मँचेस्टर येथे गुन्हेगारी या विषयावर त्यांच्या पद्धतीची पहिली चाचणी झाली. सगळ्या समाजाचे प्रतिबिंब पडेल अशा रीतीने नागरिक चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडायचे, त्यांची मते आधी नोंदवायची, दोन्ही बाजूंच्या जाणकारांनी तपासलेली माहितीपुस्तिका त्यांच्या हाती द्यायची, प्रशिक्षित संचालकांच्या देखरेखीखाली छोट्या गटांत चर्चा घडवायची, गटांनी ठरवलेले प्रश्न तज्ज्ञांना विचारायचे आणि शेवटी प्रत्येकाचे मत पुन्हा गुप्तपणे नोंदवायचे, असा तिचा क्रम आहे. यात कोणालाही एकमतावर यायला सांगितले जात नाही, ही गोष्ट ध्यानात ठेव; तिच्याकडे मी पुन्हा येणार आहे.

याने काही साधते का, हे तुझ्या शंकेचे मूळ आहे. १९९६ ते १९९८ या काळात टेक्सासमधील वीज कंपन्यांनी आपल्या ग्राहकांबरोबर अशा आठ चर्चा घेतल्या, आणि नवीकरणीय ऊर्जेसाठी थोडे अधिक बिल भरायला तयार असलेल्यांचे प्रमाण त्यांत सरासरी ५२ टक्क्यांवरून ८४ टक्क्यांवर गेले. मंगोलियाने तर २०१७ मध्ये कायदाच केला की, संविधान बदलण्याआधी नागरिकांशी असा विचारविनिमय व्हावा. त्यानुसार त्याच वर्षी देशभरातून निवडलेले ६६९ नागरिक राजधानी उलानबातरला एकत्र बसले.

परंतु विरुद्ध पुरावाही तितक्याच आदराने वाच. २००५ मध्ये अमेरिकी कायदेतज्ज्ञ कॅस सनस्टीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यातील दोन शहरांत, एका उदारमतवादी आणि एका पुराणमतवादी, समविचारी लोकांचे गट चर्चेला बसवले, तेव्हा बोलून झाल्यावर बहुतेक माणसे आपापल्या बाजूला आणखी टोकाला गेली. माणसांना नुसते एकत्र बसवून भागत नाही, कोणाबरोबर आणि कोणत्या नियमांनी बसवले यावर सगळे अवलंबून असते, असा मी त्याचा अर्थ लावते. अमेरिकी राजकीय विचारवंत आयरिस मॅरियन यंग यांचा आक्षेप मला याहून जिव्हाळ्याचा वाटतो. थंडपणे, मुद्देसूद, शिकलेल्या भाषेत बोलणे म्हणजेच विवेक असे धरले, तर त्या भाषेची सवय नसलेली माणसे सभेत हजर असूनही वगळली जातात, असे त्यांचे म्हणणे होते. सभ्य संवादाचे समर्थन करणाऱ्या अभ्यासकाने हा आक्षेप स्वतःशी वारंवार उगाळला पाहिजे, कारण अन्यायाविरुद्ध आवाज चढवणाऱ्या बाईला ‘आधी नीट बोला’ असे सांगून गप्प करण्याची सोय सभ्यतेच्या नावाखालीच होत असते.

आता आपल्या बाजूचे. गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाने ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ असे म्हटले आणि त्याप्रमाणे कारभारही केला. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क, म्हणजे गावाने मिळून जंगल वापरण्याचे व सांभाळण्याचे कायदेशीर हक्क, मिळवणाऱ्या देशातील पहिल्या गावांत ते होते. तेथील ग्रामसभा बहुमताने निर्णय घेत नाही. सर्वसहमती होईपर्यंत विषय खुला राहतो, आणि एकाचाही विरोध असला तरी पुन्हा बोलणे होते. म्हणजे फिशकिन ज्या एकमताला मुद्दाम दूर ठेवतात, त्याच्यावरच मेंढ्याचा सगळा कारभार उभा आहे. एकमताची अट घातली की दुबळ्यावर दडपण येते, ही फिशकिन यांची भीती खरी आहे, आणि बहुमताने अल्पमतवाल्याला मागे टाकून पुढे जाता येते, हा मेंढ्याचा अनुभवही खरा आहे.

या दोन सत्यांमध्ये तुझ्या प्रबंधाची जागा आहे, असे मला मनापासून वाटते. मेंढ्यात ग्रामसभेच्या बरोबरीने अभ्यासगट चालतो. तेथे बाहेरची जाणकार माणसेही येतात, प्रश्न सर्व बाजूंनी तपासला जातो, पण निर्णय घेतला जात नाही. निर्णयाचा अधिकार केवळ ग्रामसभेचा. शिकण्याची जागा आणि ठरवण्याची जागा अशी वेगळी ठेवल्याने सहमतीतले दडपण कमी होते का, स्त्रिया अभ्यासगटात अधिक बोलतात की सभेत, आणि एकदा विरोध नोंदवून नंतर तो मागे घेणाऱ्या माणसाचे मत खरोखर बदललेले असते की तो थकलेला असतो, हे बारकाईने तपासायला हवे. एवढ्या प्रश्नाला आयुष्य दिले तर ते वाया गेले असे मी कधीही म्हणणार नाही.

नोकरीची काळजी मलाही आहे. या विषयाच्या जागा थोड्या निघतात, हे तुझ्यापासून लपवण्यात अर्थ नाही. तरीही विषय बदलू नकोस. मात्र संशोधनाचा आराखडा सादर करण्याआधी गोंडी शिकायला लाग, आणि निदान एक पावसाळा तिकडे राहण्याची तयारी ठेव. दुभाष्यामार्फत ऐकलेल्या सभेत कोण काय बोलले हे कळते, पण कोण बोलता बोलता थांबले आणि कोणाकडे पाहून थांबले, हे तुला स्वतःलाच टिपावे लागेल.

कळावे,
तुझी आई