तुझ्या धूमकेतूला थोडा उशीर होऊ दे

चि. ऋचा हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या कादंबरीतल्या जगाचा आराखडा दोनदा वाचला. दर ६४ वर्षांनी येणाऱ्या धूमकेतूला देव मानणारे पुजारी एकीकडे आणि त्याला नुसता बर्फाचा गोळा म्हणणारे ज्योतिर्विद दुसरीकडे, ही विभागणी मला पटली नाही, कारण पृथ्वीवर तरी ही दोन माणसे बराच काळ एकच होती. इसवी सनापूर्वी १६४ मध्ये हॅलेच्या धूमकेतूची नोंद मातीच्या फलकांवर करणारे बॅबिलॉनचे लेखनिक मंदिरांशीच जोडलेले होते. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने केतूंची, म्हणजे धूमकेतूंची, शुभाशुभ फळे सविस्तर सांगितली खरी, पण त्यांचे उदयास्त गणिताने कळत नाहीत, अशी कबुलीही त्याच अध्यायात दिली. (ज्याला आपण अशुभ म्हणतो, त्याचेच नाव गणपतीच्या बारा नावांत आहे आणि तू ते लहानपणी रोज संध्याकाळी म्हणत होतीस!)

आता गणित. तुझा सूर्य आपल्या सूर्याइतक्याच वस्तुमानाचा धरला, तर केप्लरच्या तिसऱ्या नियमानुसार ६४ वर्षांच्या फेरीसाठी कक्षेचा अर्धा मोठा अक्ष (म्हणजे त्या लंबगोलाच्या लांबीचा अर्धा भाग) पृथ्वी-सूर्य अंतराच्या १६ पट येतो. एवढ्या लांबच्या वाटेवर गुरू-शनीसारखे ग्रह असतील, तर त्यांची ओढ लागणारच, म्हणून तुझा धूमकेतू दर वेळी ठरल्या दिवशी उगवतो हे खरे वाटत नाही. इंग्रज ज्योतिर्विद हॅलेने १७०५ मध्ये, आज त्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या धूमकेतूच्या पुनरागमनाचे भाकीत केले. पुढे फ्रान्समधले क्लेरो, लालांद आणि निकोल-रेन लपोत या बाईंनी महिनोन्‌महिने आकडेमोड करून या दोन ग्रहांमुळे त्याला ६१८ दिवसांचा उशीर होईल आणि तो एप्रिल १७५९च्या मध्याला सूर्याजवळ येईल असे सांगितले, आणि तो १३ मार्चला आला. तुझ्या जगात उत्सवाची तिथी उलटून गेली आहे, नैवेद्य वाळला आहे आणि आकाश रिकामे आहे, अशा वेळी उशिराचे कारण जाणणारी एकमेव व्यक्ती पुजारीच असली तर? माझ्या मते तुझी खरी कथा तिथे सुरू होते.

शेपटीची चूक तेवढी दुरुस्त कर. ती नेहमी सूर्याच्या विरुद्ध दिशेला असते, त्यामुळे परतताना धूमकेतू शेपटी पुढे करून जातो.

आणखी एक. १९१० साली हॅलेच्या ज्या धूमकेतूने लोकांना घाबरवले, तोच १९८६ साली मी आपल्या गच्चीवरून दुर्बिणीतून पाहिला, तेव्हा कापसाच्या पुसट बोळ्यासारखा दिसला, कारण तो सूर्याजवळ होता तेव्हा पृथ्वी सूर्याच्या पलीकडच्या बाजूला होती. आयुष्यभर वाट पाहिलेला देव असा फिका दिसला, तर तुझे पुजारी भक्तांना काय सांगतील? ते प्रकरण लिहून झाले की मला आधी पाठव.

तुझी,
आई