कौतुक पुरे, आता तारखा जुळवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

खेळ, अभ्यास आणि समाजसेवा एकाच वेळी सांभाळणाऱ्या मुलामुलींची ओळख क्रीडा पानावर अधूनमधून येते. शेजारच्या काकू ती कात्रणं आवर्जून माझ्या आईला आणून देतात, कारण मीही त्याच माळेतली. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, महाविद्यालयाच्या हॉकी संघाची गोलकीपर आहे आणि राष्ट्रीय सेवा योजनेत, म्हणजे एनएसएसमध्ये, स्वयंसेविकाही. कात्रणं वाचून बरं वाटतं, पण आमचं घोडं कुठे अडतं हे त्यात कधीच नसतं. म्हणून हे पत्र.

कष्टांबद्दल तक्रार नाही. पॅड, पायात घालायचे फोमचे किकर, चेस्ट गार्ड, हेल्मेट असं सगळं कोंबलेली बॅग घेऊन पीएमपीत चढले की कंडक्टर म्हणतात, "ताई, हिचंही तिकीट काढा." टर्फवर पाणी मारलेलं असतं. सरावानंतर किकरचा फोम ओलाचिंब होतो आणि गॅलरीत वाळत घातला की आजी नाकाला पदर लावून दार ओढून घेते. केमिस्ट्रीचं जर्नल त्याच बॅगेत, दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळून. हे सगळं मी हौसेनं पत्करलंय.

एनएसएसचंही तसंच. गणपतीत विसर्जन घाटावर आम्ही निर्माल्य गोळा करतो. दूर्वा-फुलांच्या पिशवीतून उदबत्तीचे पुडे, थर्माकोल, कधी काच फुटलेली देवाची तसबीरही निघते. ते सगळं हातानं वेगळं करायचं. "अगं, नदीतच सोडू दे, आमच्याकडे पूर्वीपासून तसंच आहे," म्हणून काका हट्टाला पेटतात. मग बहुतेक वेळा काकूच म्हणतात, "द्या हो तिच्याकडे, पोरगी मघापासून उभी आहे." चिडायचं नाही, पण आवाज खणखणीत ठेवायचा, हे मी घाटावर शिकले. पेनल्टी कॉर्नरला, म्हणजे समोरच्या संघाला गोल करायची खास संधी मिळते तेव्हा, तेच कामी येतं. गोलरेषेमागे माझ्यासकट पाच जणी, आणि कोणी कुठे धावायचं ते ओरडून मीच सांगायचं असतं.

खरं दुखणं कॅलेंडरचं आहे. सत्र परीक्षा दिवाळीच्या आगेमागे. विद्यापीठ संघाची निवड आणि पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धा साधारण त्याच सुमारास. ते संपतंय तोवर एनएसएसचं सात दिवसांचं हिवाळी शिबिर. एनएसएसच्या प्रमाणपत्राला दोन वर्षांत 240 तासांचं काम आणि एक शिबिर लागतं. तास रविवारी भरून काढता येतात, शिबिर कुठून भरून काढणार? हे तिन्ही विषय एकाच विद्यापीठाच्या छताखालचे, पण परीक्षा विभागाला स्पर्धेचा पत्ता नसतो आणि क्रीडा विभागाला शिबिराचा.

सगळ्यात जास्त अडतं ते अंतर्गत परीक्षेला. स्पर्धेला गेले म्हणून माझी एक चाचणी बुडाली. फेरपरीक्षा मागायला गेले तर ऐकायला मिळालं, "खेळायला गेलीस ना, मग आता मार्क कशाला?" दुसऱ्या विषयाच्या बाईंनी मात्र त्याच आठवड्यात माझी एकटीची चाचणी घेतली. म्हणजे सगळा कारभार ज्याच्या त्याच्या मर्जीवर. दहावी-बारावीला खेळाडूंना 25 पर्यंत सवलतीचे गुण मिळतात. त्याचा निदान लेखी नियम आहे, अर्ज कुठे द्यायचा ते ठाऊक असतं. मला तर सवलतीचे गुणही नकोत. परीक्षा द्यायचीच आहे, फक्त आठ दिवसांनी.

नव्या शैक्षणिक धोरणात खेळालाही श्रेयांक, म्हणजे क्रेडिट, आहेत आणि एनएसएसलाही, पण आमच्या अर्जात दोन्हींपैकी एकावरच खूण करता येते. मी हॉकीवर केली. घाटावरचं काम हिशेबात नाही, त्याचं मला फारसं वाईट वाटत नाही. श्रेयांकासाठी कोणी निर्माल्यात हात घालत नाही.

समारंभात पाहुणे खडकीच्या धनराज पिल्लेंचं नाव घेतात. 1982 च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या महिला संघाच्या कर्णधार एलिझा नेल्सन पुण्याच्याच, हेही एखादा सांगतो. फलटण तालुक्यातली वैष्णवी फाळके भारताकडून खेळते, तिचा तर आम्हा सगळ्यांनाच अभिमान. पण माझ्यासारख्या बहुतेक जणी भारताकडून खेळणार नाहीत. आम्हाला पदवी लागणार, नोकरी लागणार. हे घरच्यांना नेमकं कळतं, म्हणूनच शाळेत माझ्याबरोबर खेळणाऱ्या कितीतरी मुलींच्या स्टिक बारावीच्या वर्षी माळ्यावर गेल्या. त्यांच्यात माझ्यापेक्षा चांगल्या खेळणाऱ्या होत्या.

तेव्हा मागणी एवढीच. स्पर्धेच्या तारखा क्रीडा विभागाकडे आल्या की त्याच आठवड्यात त्या परीक्षा विभागाला आणि प्रत्येक महाविद्यालयाच्या एनएसएस कार्यक्रम अधिकाऱ्यांना लेखी कळवाव्यात. संघात निवड झालेल्या मुलामुलींची अंतर्गत चाचणी परत आल्यावर घेण्याचं बंधन परिपत्रकातच घालावं. आणि एक शिबिर उन्हाळी सुट्टीत ठेवावं. ऊन आम्हाला नवं नाही.

आपली,
एक गोलकीपर
खडकी, पुणे