विंचवाच्या पेटीला ऊब बाजूने द्या

संपादक महोदय,

थंडी पडली की हौसेने पाळलेले ‘एम्परर’ विंचू दगावतात आणि दोष थंडीला दिला जातो. बऱ्याचदा चुकलेली असते ती हीट मॅटची, म्हणजे पेटीला ऊब देणाऱ्या विजेच्या पातळ चटईची जागा. पश्चिम आफ्रिकेच्या दमट जंगलातला हा काळा विंचू उकडले की वर येत नाही, आणखी खोल उकरत जातो. मॅट तळाशी असेल तर तो बिचारा थेट चटक्याकडेच जातो. ती बाहेरून, एका बाजूच्या काचेला लावावी, तापमान आवरणाऱ्या थर्मोस्टॅटसह. उबदार टोक २८ अंश, दुसरे २४. बल्ब नको, हवा कोरडी पडते.

तळाला किमान १० सेंटीमीटर कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, पण पाणी गळू नये. झाकणाला जाळी हवीच, नाहीतर बुरशी धरते.

मोठ्या विंचवाला आठवड्याला एक-दोन रातकिडे पुरतात. न खाल्लेला किडा दुसऱ्या दिवशी काढून घ्यावा. नुकतीच कात टाकलेल्या विंचवाचे अंग मऊ आणि फिकट असते, तेव्हा हेच रातकिडे त्याला कुरतडतात. घरातली झुरळे देऊ नयेत, त्यांच्या अंगावर फवारणीचे विष असू शकते.

आणि कळकळीची विनंती, कोकणातला लाल विंचू हौसेखातर धरू नका. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचा उपचार रुजवला, तरी या विंचवाचा दंश लहान मुलांना आजही जिवावरचा ठरू शकतो.

– एक वाचक, पुणे