सुई काढू नकोस

इंदिरानगर, नाशिक
रविवार, रात्री साडेअकरा

प्रिय मित्रा,

दुपारी तुझा फोन आला तेव्हा ‘विणतोय, नंतर करतो’ म्हणालो, तर तू हसतच सुटलास. थट्टा नव्हती रे. खरंच विणत होतो. बशीएवढा गोल रुमाल करायला घेतला होता, चौथ्या फेरीपासून टाके वाढवायचे विसरलो आणि त्याची मस्त वाटी झाली. आईने ती उलटी करून शेंगदाण्याच्या बरणीवर ठेवून पाहिली. ‘बसतंय की,’ म्हणाली. आता बरणीला टोपी आहे आणि मला अजून रुमाल येत नाही.

हा उद्योग कशासाठी, तर गेले सात-आठ महिने ऑफिसचं काम आटोपून रात्री मी क्रोशा विणणाऱ्या बायकांसाठी एक ॲप करतोय. तुला आधी सांगितलं नाही, कारण तू लगेच ‘मार्केट केवढं?’ असं विचारलं असतंस.

सुरुवात झाली ती आईच्या चिंचोक्यांपासून. तिची मोजायची पद्धत तू पाहिली असशील. दोन वाट्या. डावीकडच्या वाटीत चिंचोके, एक ओळ संपली की एक चिंचोका उजवीकडे. कुकरची शिट्टी होऊ दे, दार वाजू दे, वाट्या जागच्या जागी. चार्जिंग नको, पासवर्ड नको, वीज गेली तरी हाताला कळतं. वीस वर्षं मी लोकांच्या फोनवरचे स्क्रीन आखून पोट भरतोय, पण इतकं बिनचूक काही माझ्या हातून झालेलं नाही. फक्त दिवाळीत ताईचा धाकटा आला आणि त्याने दोन्ही वाट्या एकत्र करून भातुकली मांडली. देवाच्या आसनाच्या तीसेक ओळींचा हिशोब बुडाला. आईने ते आसन जमिनीवर पसरलं, चष्मा लावला आणि एकेक ओळ पिनेच्या टोकाने मोजत बसली. मग मला म्हणाली, ‘तुझ्या त्या फोनात होईल का रे याचं काही?’

मी काय केलं असेल, ओळख. ऑफिसातला माणूस जे करतो तेच. लॉग-इन, चालू कामांची यादी, घरातल्या लोकरीचा साठा, किती तास विणलं याचा रंगीत आलेख. ते घेऊन गंगापूर रोडला आईच्या मंगळवारच्या मंडळात गेलो. सात-आठ जणी असतात, गप्पा आणि विणकाम, मध्ये कोणाचं तरी पोह्यांचं ताट. ओळख नसलेल्या घरातल्या लग्नाचा अल्बम बघावा तसा सगळ्यांनी माझा फोन बघितला आणि पुढे सरकवला. शेवटी एक काकू म्हणाल्या, ‘छान आहे हो. पण माझी ओळ झाली हे मी याला सांगू कशी? माझे दोन्ही हात गुंतलेत.’

तेव्हा मी पहिल्यांदा त्यांच्या हातांकडे नीट बघितलं. डाव्या करंगळीला धाग्याचा वेढा, तोच धागा तर्जनीवर ताणलेला, अंगठा आणि मधलं बोट विणलेला भाग धरून. उजव्या हातात सुई. मोकळं असं काही नाहीच. डावा हात सोडला की धाग्याचा ताण जातो आणि पुढचे चार टाके सैल येतात. या बाईला मी कोपऱ्यातलं ते इवलंसं अधिकचं चिन्ह दाबायला सांगत होतो!

घरी येऊन सगळं पुसलं. आता ॲप उघडलं की पूर्ण स्क्रीन म्हणजे एकच बटण. बोटाने दाबायची जागा कमीत कमी ४८ डीपी (पडद्यावरचं मोजायचं एकक) असावी, असं अँड्रॉइडवाल्यांचं मार्गदर्शन आहे. मी अख्खा पडदाच देऊन टाकला. बोटाच्या पेराने दाबा, मनगटाने दाबा, एक काकू तर कोपराने दाबतात. दर ओळीला फोन हलकासा थरथरतो आणि नक्षीचा एक फेर पूर्ण झाला की लांब थरथरतो, म्हणजे टीव्हीवरची नजर काढायला नको. चुकून दाबलं गेलं तर खाली रुंद पट्टी, तिच्यावर ‘एक मागे’. आकडे आधी नाजूक, देखण्या अक्षरात घेतले होते. चष्म्याशिवाय आईला १ आणि ९ सारखेच दिसले. देखणेपणा गेला, जाडजूड आकडे आले. आकडा बोलून दाखवायची सोयही केली होती, ती मात्र ताईच्या थोरल्याने घालवली. तो ‘साठ सात’ म्हणणाऱ्या नव्या पुस्तकांवर वाढलेला. फोन ‘सदुसष्ट’ म्हणाला की हा आजीला म्हणायचा, ‘म्हणजे किती?’ आणि या प्रश्नोत्तरांत आजीची ओळ चुकायची.

शब्दांचा घोळ तर विचारू नकोस. अमेरिकेत ज्याला सिंगल क्रोशे म्हणतात, त्याच टाक्याला इंग्लंडात डबल क्रोशे म्हणतात. अमेरिकेचा डबल म्हणजे इंग्लंडचा ट्रेबल. टाका तोच, नावं एकेक पायरी सरकलेली. मंडळातल्या एक आजी जुन्या इंग्रजी पुस्तिकांवर शिकलेल्या. त्यांनी नातवाचं जाकीट अमेरिकन व्हिडिओ बघून केलं, ते बाहेर आलं निम्म्या उंचीचं. आजींना वाटलं, आपला हात गेला! हात कुठला जातोय, टाकाच बुटका पडला होता. आपल्या बायकांची नावं बघ किती स्वच्छ आहेत: साखळी, मुका खांब, अर्धा खांब, खांब. ओळ वळवताना मुक्या खांबाला १ साखळी, अर्ध्याला २, खांबाला ३. नावातच उंची कळते. म्हणून ॲप आधी विचारतं, नमुना अमेरिकेचा की इंग्लंडचा, आणि पुढे सगळं या आपल्या नावांत दाखवतं. शेजारी चिन्ह: साखळीला लंबगोल, मुक्या खांबाला फुली, खांबाला इंग्रजी टी आणि त्याच्यावर एक तिरकी रेघ.

गोलाचं गणितही त्यात घातलंय, म्हणजे माझ्यासारख्याची वाटी होणार नाही. मुक्या खांबाचा गोल ६ टाक्यांनी सुरू केला तर दर फेरीला ६ वाढवायचे: १२, १८, २४. कमी वाढवले की वाटी, जास्त वाढवले की झालर. या झालरीवरून आईला मोठ्या उत्साहाने सांगितलं की डाइना ताइमिन्या नावाच्या गणितज्ञ बाईंनी १९९७ साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात मुद्दाम टाके वाढवत नेऊन अशी झालर विणली. भूमितीतला एक अवघड पृष्ठभाग त्यांना विद्यार्थ्यांच्या हातात द्यायचा होता. आईने सुई न थांबवता विचारलं, ‘मग उसवलं का तिने?’

पण खरी गोष्ट पुढेच आहे. मोजणी जमली, बायका खूश, मीही खूश. महिन्याने आई म्हणाली, ‘तेवीस दाखवतंय. बरोबर आहे. पण मी इथे काय करणार होते?’ आकडा होता, बेत हरवला होता. कोपऱ्यात ५ साखळ्यांऐवजी ४ घ्यायच्या असं तिने मनात ठरवलं, तेवढ्यात गॅसवाला आला, आणि नंतर चार दिवस हात लागला नाही. या बायकांचं विणकाम असंच चालतं रे, कामांच्या फटीफटीतून. सलग तासभर बसून विणणारी मंडळात एकही नाही.

मग एक साधी गोष्ट केली. काम खाली ठेवताना माइकचं चित्र दाबायचं आणि दहा सेकंद बोलायचं. पुन्हा उघडलं की आधी ते ऐकू येतं. ‘कोपरा वळायचाय, चारच साखळ्या.’ ‘लाल संपत आलंय, मेन रोडला जाताना लेबल ने, खेप तीच बघ.’ (एकाच नंबरचा रंग दुसऱ्या खेपेत किंचित वेगळा येतो आणि मधोमध पट्टा दिसतो. हेही मला आता कळतं, बरं का.) आईच्या एका ध्वनिफितीत मागून बाबा विचारतायत, ‘चहा टाकतेस का मी टाकू?’ आणि आई त्यांना उत्तर न देता म्हणतेय, ‘पुढची ओळ मुक्या खांबांची.’

हे घरातलं बोलणं असल्यामुळे पहिला प्रश्न आला, ‘हे कुठे जात नाही ना?’ मी ॲपला इंटरनेटची परवानगीच घेतली नाही. सगळं ज्याच्या त्याच्या फोनात. लॉग-इन गेलं, सर्व्हरचा खर्चही गेला. जाहिराती घालायचा मोह झाला होता, पण पूर्ण पडदाच बटण म्हटल्यावर जाहिरात कुठे लावणार?

प्ले स्टोअरवर टाकायला २५ डॉलर एकदाच भरले. मात्र १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्याला आधी चाचणी घ्यावी लागते. सुरुवातीला २० माणसं लागायची, आता १२, आणि सलग १४ दिवस. बारा बायका मिळणं अवघड नव्हतं, बारा जीमेलचे पत्ते मिळणं अवघड होतं. ‘तो मुलाला माहीत,’ ‘जावयाने उघडून दिलंय.’ अकरावर गाडी अडली, तर आईने पंचवटीतल्या दोघी आणि सिडकोतली एक अशा तिघी आणल्या. आता चौदा आहेत, उद्या नववा दिवस. नियम नसता तर मी मंगळवारच्या मंडळावरच थांबलो असतो. सिडकोतल्या बाई डावखुऱ्या निघाल्या आणि ‘एक मागे’ची पट्टी त्यांच्या हाताखाली यायची. ती आता बाजू बदलते.

परवा त्यांच्यातच नरसापूरचा विषय निघाला. आपली गोदावरी त्र्यंबकला ब्रह्मगिरीवर उगवते आणि समुद्राला मिळायच्या आधी आंध्रात नरसापूरवरून जाते. तिथल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या क्रोशाची लेस विणत आल्यात. आईचं म्हणणं, त्यांना तुझं ॲप नको, त्यांची बोटंच मोजत असतील. असेलही.

आता तुझ्याकडे काम. काकूंचा तो अर्धवट टेबलक्लॉथ, मागच्या वेळी तू ट्रंकेतून काढून दाखवलास तो, सुई त्यातच अडकवलेली. आईला वाड्यातल्या जिन्याखाली पहिली साखळी काकूंनीच शिकवली, हे तुला माहीत आहेच. आईला मी सहज बोललो, तर दोन दिवस तेच डोक्यात घेऊन बसलीय. म्हणते, ‘पाठव म्हणावं. खांब बघून सांगते ती कुठे थांबली आणि पुढे काय करणार होती.’ काकूंचा हात सैल, आईचा घट्ट, म्हणून एक माप मोठी सुईही तिने आणून ठेवलीय. सूत जुळणार नाही, तुझ्याकडचं पिवळं पडलंय, जोड दिसेल. तुला चालणार असेल तरच पाठव. पुरा करायचा नसेल तर नुसता बघून परत देईल, हेही तिनेच सांगायला लावलंय.

पाठवलास तर घडी घालताना धागा ओढू नकोस आणि सुई काढू नकोस. ती निघाली तर शेवटचा फास मोकळा होतो आणि एका ओढीत टाक्यामागे टाका उसवत जातो. कुरियरवाले काय आपटतील सांगता येत नाही, म्हणून सुई आहे तशी ठेवून त्याच फासात एक सेफ्टी पिन अडकव आणि बंद कर. मग जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळ. प्लॅस्टिक नको, आई ओरडेल. पत्ता तोच.

तुझा,
बरणीच्या टोपीवाला