आमच्या स्टुडिओचं लग्न वाचवणाऱ्या दादांना

प्रिय दादा,
सप्रेम नमस्कार.

परवा रात्री एका अख्ख्या लग्नाचे ३८० जीबी फोटो स्टुडिओच्या कॉम्प्युटरवर एका दमात कॉपी झाले. मशीन कुठेही अडलं नाही. फोनवर तुमचे आभार मानले होतेच, पण तेवढ्यावर माझं समाधान होईना, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितोय.

तुळशीचं लग्न लागलं की आमची सराई सुरू, आणि नेमकं तेव्हाच उबुंटूचं (विंडोजऐवजी चालणारी ऑपरेटिंग सिस्टिम) ते मशीन दगा द्यायला लागलं. एरवी बिलं, मेल, एखादा फोटो, सगळं सुरळीत. मोठा डेटा कॉपीला लावला की दहा-पंधरा मिनिटांत माउस गोठायचा, डिस्क ‘रीड-ओन्ली’ व्हायची, म्हणजे तिच्यावर नवं काही लिहिताच यायचं नाही, आणि शेवटी बटण दाबून बंद करावं लागायचं. दुकानातून फॉरमॅट मारून आणलं. आठवड्यात पुन्हा तेच. मग त्यांनी सांगितलं, हार्डडिस्क गेली. तोवर त्या डिस्कवर एक लग्न चढलं होतं आणि कॅमेऱ्याची कार्डं पुसून पुढच्या कार्यक्रमाला गेली होती.

तुम्ही पहिलं वाक्य बोललात ते असं : ‘आधी फोटो बाहेर काढा, थोडे थोडे. दुरुस्ती नंतर.’ त्या रात्री मी पहिल्यांदा नीट झोपलो.

नंतर मेमटेस्ट, म्हणजे रॅम तपासणारा प्रोग्राम, रात्रभर चालवायला लावलीत. रॅम निर्दोष निघाली. क्रॅशनंतर लॉगमध्ये (सिस्टिमच्या नोंदवहीत) काहीच का सापडत नाही, हेही तुम्हीच उलगडून सांगितलंत : लॉग लिहायचा तो डिस्कवरच, आणि त्या क्षणी डिस्कच सिस्टिमच्या हातातून गेलेली! म्हणून टर्मिनलमध्ये कर्नलचे (सिस्टिमच्या गाभ्याचे) मेसेज स्क्रीनवर चालू ठेवून कॉपी लावली आणि मी मोबाइल धरून बसलो. गोठायच्या आधी ओळी भराभर आल्या : ‘हार्ड रिसेटिंग लिंक’ (डिस्कची जोडणी नव्याने सुरू करतोय), मग साटाचा, म्हणजे डिस्क आणि मदरबोर्डमधल्या जोडणीचा, वेग ६ वरून ३ जीबीपीएसवर. फोटो काढून पाठवला.

तुम्ही स्मार्टचे, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीचे ठेवते ते, आकडे वाचायला सांगितलेत. ५ आणि १९७ नंबरला शून्य, म्हणजे खराब सेक्टर नाहीत. १९९ ला, म्हणजे केबलमधून डेटा जाताना झालेल्या चुकांच्या मोजणीला, मात्र १८४६. ‘हा डिस्कचा नाही, वाटेतला दोष आहे. दिवाळीत कॅबिनेट उघडलं होतं का?’ उघडलं होतं. ब्लोअर मारून साफ केलं होतं. झाकण काढून पाहिलं तर साटा केबल पत्र्याला दाबून काटकोनात मुडपलेली, आणि तिच्या टोकाला क्लिपही नव्हती. बोट लावलं की हलायची. थोडं काम असलं की चुकलेला डेटा पुन्हा पाठवून निभत होतं. मोठ्या कॉपीत चुकाच इतक्या व्हायच्या की लिंक तुटायची.

क्लिपवाली नवी केबल शंभराच्या आत आली. १९९ चा आकडा खाली येणार नाही, फक्त वाढायचा थांबेल, असं तुम्ही बजावलं होतं. परवाच्या कॉपीनंतर पाहिला : १८४६.

नवरीकडच्यांचा अल्बम सोमवारी छपाईला जातोय. सातारला आलात की तो बघायला स्टुडिओत या. वहिनींनाही आणा.

तुमचा,
स्टुडिओवाला