भाव सोडून काहीही विचार

प्रिय भावड्या,

स. न.

तुझे फोन उचलत नाही म्हणून रागावला असशील. पण तू 'हॅलो'च्या जागी "काय रे, कांदा काय भाव?" असं विचारतोस. त्याचं उत्तर देण्यापेक्षा पत्र लिहिणं परवडलं. आईचा गुडघा तसाच, दादांची शुगर तशीच. बाकी सगळे धडधाकट.

परवा मी विंचूरपासून कांद्याने भरलेला ट्रॅक्टर माघारी आणला. लासलगावला निघालो होतो. चहाला थांबलो, तर टपरीवर एकजण मोबाईल नाचवत म्हणाला, बांगलादेश आयात खुली करतोय, आठ दिवस दम धरा. त्याचं नाव नाही, गाव नाही. अर्धा चहा तसाच ठेवून मी ट्रॅक्टर वळवला. घरी आल्यावर हिने विचारलं, "मार्केट बंद होतं का?" मी हो म्हणालो. संध्याकाळी तिला शेजारच्या वहिनींकडून कळलं की मार्केट चांगलं दणदणीत चालू होतं.

गावात हे कुणाला सांगावं तर वर्षभर टिंगल. तुलाच कळेल, कारण मार्च २०२१ मध्ये तीन दिवसांवर आलेली एमपीएससीची पूर्वपरीक्षा पुढे ढकलली तेव्हा पुण्याच्या नवी पेठेतल्या रस्त्यावरून तू मला फोन केला होतास. मागे घोषणा चालल्या होत्या आणि तू ओरडत होतास, "अरे, नापास करा, पण एकदाचा पेपर तरी घ्या!" तेव्हा मी हसलो होतो. यंदा कांदा साठवायच्या चाळीपुढे उभा राहिलो की तेच वाक्य तोंडात येतं.

आता एक विचित्र गोष्ट ऐक. ८ डिसेंबर २०२३ला निर्यातबंदी लागली तेव्हा माझा लाल कांदा वावरात होता. आठ-दहा दिवसांत भाव निम्म्यावर आले. दादा जेवले नाहीत, गावात शिव्यांचा पाऊस पडला, आणि मी मात्र रात्री ढाराढूर झोपलो. स्वतःचीच लाज वाटली होती. आता वाटतं, लाल कांद्याने मला विचारायला जागाच ठेवली नव्हती. तो टिकत नाही. काढला की विकायचा, मिळेल तो भाव घ्यायचा, सरकारला शिव्या द्यायच्या आणि झोपायचं. उन्हाळ कांदा तसा नाही. तो चाळीत बसून रोज सकाळी विचारतो, आज की उद्या? नुकसान झालं तर ते सरकारचं नाही, व्यापाऱ्याचं नाही, माझ्या निर्णयाचं. हेच झोपू देत नाही बघ.

बरं, थांबायलाही काही फुकट नाही. चार-पाच महिन्यांत पाव हिस्सा तरी वजनघट, सड आणि कोंबात जातो. म्हणजे भाव जागेवर राहिला तरी मी रोज थोडा बुडतोच. १ एप्रिल २०२५ला कांद्यावरचं २० टक्के निर्यातशुल्क निघालं तेव्हा सगळ्या गावाने चाळी गच्च भरल्या. मीही भरली. आता सगळ्यांचाच माल आत आहे, वर सरकारी साठा कधी बाजारात उतरेल तो उतरेल. पहाटे उठून मी बॅटरी घेऊन चाळीच्या जाळीला नाक लावतो. कुठे सडका वास येतोय का, म्हणून. आला तर धडधडतं, नाही आला तर वाटतं नाकच गेलं. ही परवा म्हणाली, "कांदा सडायच्या आधी तुम्ही सडाल." मग व्हॉट्सअ‍ॅपचे तीन ग्रुप. एकावर कांदा चार हजारांवर जाणार, दुसऱ्यावर मातीमोल होणार, तिसऱ्यावर सुप्रभात. तिसराच काय तो खरा निघतो.

तू वावर निम्म्या वाट्याने कसायला देऊन पुण्याला गेलास तेव्हा मी तुला पळपुटा म्हणालो होतो. अजून म्हणतो, फक्त आवाज जरा खाली आलाय. आणि शाळेच्या मॅचमधला तो रनआउट तुझाच होता. मास्तरांनी तेव्हा तुझी बाजू घेतली म्हणून काही फरक पडत नाही.

काल रात्री हिनेच निकाल लावला. सोमवारी निम्मी चाळ फोडायची, निम्मी दसऱ्यापर्यंत ठेवायची, आणि ग्रुप तिन्ही डिलीट. म्हणजे भाव वाढला तर विकलेल्या निम्म्यासाठी हळहळायचं, पडला तर ठेवलेल्या निम्म्यासाठी. दादा म्हणाले, "वा, दोन्हीकडून रडायची सोय केली." पण खरं सांगू? काल पडल्यापडल्या झोप लागली. ग्रुप दोनच डिलीट केलेत, सुप्रभातवाला ठेवलाय. तिला बोलू नकोस.

बाळाचं नाव काय ठेवलं? वहिनींची तब्येत बरी ना? त्या कंपनीत तुला कायम करणार होते, त्याचं काय झालं ते सविस्तर लिही. तिथेही 'पुढच्या महिन्यात बघू' चाललं असेल तर एक सांगतो, माझ्यासारखं रोज पहाटे नाक लावून बघू नकोस.

दिवाळीला या. फोन केलास तर या वेळी उचलीन, पण भाव सोडून काहीही विचार.

तुझा,
पिंट्या

ता. क. निवडणीत गोलटी बरीच निघेल. एक गोणी तुमच्यासाठी बाजूला काढतोय. गावचा कुणी पुण्याला येणार असेल तर त्याच्या गाडीत टाकतो. वहिनींना विचार, बारीक कांदा चिरायचा कंटाळा नाही ना.